एका वाक्याचा सेनापती



एका ग्रंथपालांच्या स्मृत्यर्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत व्हिडिओ गेमवर बोलायला मला बोलावलंत, याचा मला मनापासून आनंद आहे. कादंबरीवरून नाटक होतं, नाटकावरून चित्रपट होतो, हे आपल्या अंगवळणी पडलं आहे. त्यावर आपण परीक्षणं लिहितो, वाद घालतो. कादंबरीवरून गेम होतो तेव्हा त्या कथेचं काय होतं, हा विचार मात्र ग्रंथालयाच्या उंबरठ्याबाहेरच थांबला आहे. तो आत यावा, म्हणून मी आज उभा आहे.

विषय तसा लहान आहे. मोठ्या अद्भुतकथेत एखादं दुय्यम खलपात्र असतं. मूळ लेखकाने त्याला दोन ओळी दिलेल्या असतात, कधी एकच. पुढे त्या कथेवर गेम निघतो आणि या पात्राला जन्म मिळतो, घराणं मिळतं, जुनी जखम मिळते, सूड मिळतो. काही वाचकांना हा मूळ कृतीवरचा अत्याचार वाटतो. काहींना यामुळेच ती कथा आपली वाटायला लागते. मला या दोन्ही बाजूंकडून थोडं थोडं घ्यायचं नाही. माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडतो. खलपात्राला पूर्वायुष्य देणं ही मोठी वाङ्मयीन कृती आहे आणि ती केली की रचणाऱ्याच्या डोक्यावर ऋण चढतं. ज्याला भूतकाळ दिला, त्याच्याशी आधीसारखं वागता येत नाही. भूतकाळ कळल्यावरही नायकाची तलवार तशीच चालत राहिली, खेळणाऱ्याचा हात जराही अडखळला नाही, तर तो भूतकाळ नुसता अंगावर घातलेला दागिना होता असं समजावं.

यासाठी मी एकच उदाहरण सविस्तर घेणार आहे. जे. आर. आर. टॉल्किन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही कादंबरी १९५४ आणि १९५५ या दोन वर्षांत तीन खंडांत प्रसिद्ध झाली. तिच्या तिसऱ्या खंडात पेलेनोर मैदानावरची लढाई आहे. टॉल्किनच्या कालगणनेप्रमाणे तारीख १५ मार्च, तिसऱ्या युगाचं ३०१९ वं वर्ष. गोंडॉर राज्याच्या मिनास टिरिथ या राजधानीला वेढा पडलेला आहे. शत्रुसैन्याचा सरदार म्हणजे नाझगुलांचा, अंगठ्यांच्या मोहाने पिशाच झालेल्या नऊ माणसांचा, प्रमुख, अँगमारचा विच-किंग. एओविन ही रोहानच्या राजाची भाची आणि मेरी हा हॉबिट मिळून त्याला संपवतात. सरदार पडला की फौज पांगावी, पण ती पांगत नाही, कारण कुणीतरी पुढची फळी लढाईत लोटतो. त्या कुणाचं नाव टॉल्किन देतात: गॉथमॉग, मॉर्गुलचा दुय्यम सेनापती. एवढं एक वाक्य, आणि हा माणूस कथेतून नाहीसा होतो.

मी ‘माणूस’ म्हणालो, पण तो माणूस आहे की ऑर्क या राक्षसी जमातीतला आहे की आणखी एखादा नाझगुल, हेही पुस्तकात नाही. तो कसा दिसतो, कुठून आला, त्या दिवशी मेला की पळाला, यातलं काहीच टॉल्किन सांगत नाहीत. त्याने केलेलं काम मात्र मोठं आहे. सरदाराच्या मृत्यूनंतर हरत आलेली लढाई त्याने पुन्हा उभी केली. इतकी मोठी कृती आणि इतका पुसट कर्ता, ही जोडी रूपांतर करणाऱ्याला गप्प बसू देत नाही.

पहिलं मोठं उत्तर चित्रपटाने दिलं. पीटर जॅक्सन यांचा ‘द रिटर्न ऑफ द किंग’ डिसेंबर २००३ मध्ये आला. त्यात गॉथमॉग ऑर्क झाला. लॉरेन्स मकोआरे या न्यूझीलंडच्या माओरी अभिनेत्याने त्याला शरीर दिलं. विच-किंगही त्याच चित्रपटात त्यांनीच साकारला. चेहऱ्याची एक बाजू गाठींनी सुजलेली, एक हात अधू, चाल फरपटती. किल्ल्यावरून भिरकावलेला प्रचंड दगड अंगावर येतो तेव्हा तो पळत नाही. शेवटच्या क्षणी एक पाऊल बाजूला होतो आणि पडलेल्या दगडावर थुंकतो. त्याचं पूर्वायुष्य चित्रपटात कुणीही सांगत नाही, पण ते आपल्याला दिसतं. हा जीव पूर्वी कधीतरी मरता मरता वाचला आहे, आपल्या अधू शरीराची त्याला सवय झाली आहे, आणि असल्या शरीराने ऑर्कांच्या फौजेत वर चढणं किती कठीण असेल, हे प्रेक्षक मनाशी जुळवून घेतो. रंगभूषाकाराने कथाकाराचं काम केलं. चित्रपटाला त्याच्याकडून काही मिनिटंच हवी होती आणि तेवढ्यापुरतं हे शरीर पुरेसं होतं.

गेमला ते पुरत नाही. याची कारणं कारागिरीतली आहेत आणि ती समजून घेतल्याशिवाय गेमच्या लेखकांना न्याय देता येणार नाही.

पहिलं कारण काळाचं. चित्रपट तीन-साडेतीन तासांत संपतो. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन’ हा टर्बाइन कंपनीचा गेम एप्रिल २००७ मध्ये सुरू झाला, हजारो खेळाडू त्यात एकाच वेळी वावरू लागले, आणि तो आजही चालू आहे. वर्षानुवर्षं चालणाऱ्या कथेत समोर उभा राहणारा शत्रू नुसत्या चेहऱ्यावर तग धरत नाही. तो हे का करतो, हा प्रश्न खेळाडू विचारतोच, कारण त्याच्या मागावर खेळाडूने स्वतःच्या संध्याकाळी घातलेल्या असतात.

दुसरं कारण असं की मुख्य कथा आधीच ठरलेली आहे. मुख्य शत्रू सॉरॉन याचा नाश त्याची अंगठी ज्वालामुखीत पडूनच व्हायचा आहे. विच-किंग एओविनच्याच हातून पडायचा आहे. फितूर जादूगार सारुमानचा शेवटही पक्का आहे. खेळाडूला त्यांच्यापैकी कुणालाही हात लावता येत नाही. म्हणजे जे मोठे आहेत ते अस्पर्श, आणि संघर्षाचा सगळा भार लहानांच्या खांद्यांवर. पुस्तकात ज्याचं पुढे काय झालं ते लिहिलेलं नाही, त्याच्याशीच खेळाडू खऱ्या अर्थाने लढू शकतो.

तिसरं कारण हक्कांचं. १९६९ साली टॉल्किन यांनी ‘द हॉबिट’ आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या दोन पुस्तकांचे चित्रपटहक्क युनायटेड आर्टिस्ट्स या कंपनीला विकले. १९७६ मध्ये ते सॉल झेंट्झ यांच्याकडे गेले. गेम बनवणाऱ्यांना परवाने मिळत आले ते याच वाटेने, म्हणजे या दोन पुस्तकांपुरते. टॉल्किनच्या मृत्यूनंतर १९७७ मध्ये आलेलं ‘द सिल्मरिलियन’ त्यात येत नाही. पहिल्या युगातल्या बालरॉग या अग्निराक्षसांच्या अधिपतीचं नावही गॉथमॉगच होतं, पण त्याची कथा त्या दुसऱ्या पुस्तकातली. गेमच्या लेखकापुढे जी खाण मोकळी होती ती होती ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या शेवटी जोडलेल्या परिशिष्टांची. अनेक वाचक ही परिशिष्टं उघडतही नाहीत. टर्बाइनच्या लेखकांनी ती नीट वाचली होती.

त्या परिशिष्टांत एआर्नुर नावाचा राजपुत्र आहे. तिसऱ्या युगाच्या १९७५ साली त्याच्या वडिलांनी त्याला दक्षिणेतल्या गोंडॉरमधून आरमार देऊन उत्तरेला पाठवलं. तिथल्या भाऊबंदांच्या आर्नॉर राज्यावर विच-किंगने घाला घातला होता. एआर्नुर पोहोचला तोवर राज्य बुडालं होतं, पण फॉर्नोस्टच्या लढाईत त्याने आणि एल्फांनी मिळून शत्रूची फौज मोडली. विच-किंग एकटाच उरला आणि थेट एआर्नुरवर चालून आला. एआर्नुर जागेवरून हलला नाही. त्याचा घोडा मात्र बिथरला आणि धन्याला घेऊन दूर पळाला. विच-किंग हसला. एआर्नुर घोडा आवरून परतला तेव्हा शत्रू काळोखात निसटत होता आणि ग्लॉरफिंडेल या एल्फ सरदाराने त्याला पाठलाग करू दिला नाही. या शत्रूचा अंत पुरुषाच्या हातून नाही, असं भाकित त्याने तिथेच केलं.

एआर्नुरच्या मनातून ते हसणं गेलं नाही. त्याने लग्न केलं नाही. लढाई आणि शस्त्रांचे खेळ यांपलीकडे त्याला कशातच रस नव्हता. २००२ मध्ये नाझगुलांनी गोंडॉरचं मिनास इथिल हे शहर घेतलं; त्याचंच मिनास मॉर्गुल झालं. २०४३ मध्ये एआर्नुर गादीवर बसला आणि विच-किंगने त्याला द्वंद्वाचं आव्हान धाडलं, फॉर्नोस्टहून पळाल्याची आठवण देऊन. कारभारी मार्दिल याने राजाला कसंबसं थोपवलं. २०५० मध्ये आव्हान पुन्हा आलं. या वेळच्या टोमण्यात तरुणपणच्या भित्रेपणाला वार्धक्याचीही जोड दिलेली होती. मार्दिलला राजा आवरला नाही. मोजके स्वार घेऊन तो मिनास मॉर्गुलच्या वेशीपर्यंत गेला आणि त्यानंतर त्याची वार्ता कुणालाच कळली नाही. मृत्यूचा पुरावा नाही, वारस नाही. म्हणून कारभारी राज्य सांभाळू लागले, राजा परत येईपर्यंत. ही व्यवस्था ९६९ वर्षं चालली. सव्विसावा कारभारी डेनेथॉर पेलेनोरच्या लढाईच्याच दिवशी मेला.

टर्बाइनच्या लेखकांनी या दोन मोकळ्या जागा एकमेकींना जोडल्या. त्यांच्या गेममध्ये अँगमारच्या उजाड राज्याचा कारभार मोर्दिरिथ नावाचं एक पिशाच पाहत असतं. पुढे उलगडतं की हाच एआर्नुर, गोंडॉरचा शेवटचा राजा, मिनास मॉर्गुलमध्ये मोडून पिशाच केलेला. आणखी पुढे मोर्दिरिथ पराभूत होतो आणि नव्या नावाने परततो. ते नाव गॉथमॉग. पुस्तकातल्या एका वाक्याच्या सेनापतीला हजार वर्षांचं आयुष्य मिळालं. वेशीतून आत गेलेला राजा आणि लढाईत फौज पुढे लोटणारा सेनापती एकच निघाले.

ही रचना मला श्रेष्ठ वाटते आणि त्याचं कारण सांगतो. चतुर जोडणी तर कोणीही हुशार माणूस करू शकतो. इथे जोडणीने मूळ कथेच्या मर्मावर बोट ठेवलं आहे. तिसऱ्या खंडाचं नावच राजाच्या परतण्याविषयी आहे. जुन्या राजवंशातला अ‍ॅरागॉर्न परत येतो आणि त्याच्या राज्याभिषेकाच्या वेळी डेनेथॉरचा मुलगा फॅरामिर समाधिस्थळातून जो मुकुट आणतो, तो शेवटचा राजा एआर्नुर याचाच असल्याचं पुस्तक स्पष्ट सांगतं. आता गेमची कथा यावर ठेवून पाहा. १५ मार्चला मिनास टिरिथपुढे दोन राजे परत येतात. एक काळ्या जहाजांतून येतो, वेढा उठवण्यासाठी. दुसरा पलीकडच्या फौजेत आहे, स्वतःच्याच राजधानीवर चाल करून आलेला. शहराने जवळजवळ हजार वर्षं ज्या परतण्याची वाट पाहिली, ते परतणं असंही असू शकलं असतं, ही शक्यता गेमने आपल्यासमोर ठेवली. त्यामुळे अ‍ॅरागॉर्नचं परतणं अधिक मोलाचं झालं. तो आला, आणि येताना तो अ‍ॅरागॉर्नच राहिला.

दुसरी गोष्ट. एआर्नुरचं पतन बाहेरून आणून डकवलेलं नाही. त्याच्यात जो दोष होता तो टॉल्किनने आधीच लिहून ठेवला होता: टोमणा सहन न होणं. या राजाला भ्याड म्हटलेलं चालत नव्हतं आणि एवढ्या एका गोष्टीसाठी त्याने राज्य वाऱ्यावर सोडलं. गेमने त्याच्या त्याच निर्णयाची किंमत वाढवली. त्याला छळ करून पिशाच केलं हे खरं, पण वेशीपर्यंत तो स्वतःच्या पायांनी गेला होता. म्हणून त्याची दयाही येते आणि तो निर्दोषही ठरत नाही. दुय्यम खलपात्राच्या पूर्वायुष्याकडून मला हीच अपेक्षा आहे. त्याने कृतीचं स्पष्टीकरण द्यावं. माफी द्यायची की नाही, ते आपल्यावर सोडावं.

तिसरी गोष्ट ऋणाची, म्हणजे सुरुवातीला केलेल्या दाव्याची. मोर्दिरिथ कोण आहे हे कळल्यावर खेळाडू त्याच्याशी लढतोच. पण आता समोर नुसता शत्रू उभा नसतो. गोंडॉरने ज्याच्यासाठी गादी रिकामी ठेवली, तो आपल्या हातून पाडला जाणार असतो. विजयात शोक मिसळतो. लढाई तीच आहे, पण तिचा अर्थ बदलला आहे. ऋण फेडलं गेलं ते असं.

ही परंपरा २००७ मध्ये सुरू झाली नाही. अमेरिकेतल्या आयर्न क्राउन एंटरप्रायझेस या कंपनीने १९८० च्या दशकात टेबलाभोवती बसून खेळायचा मध्य-पृथ्वीचा रोल-प्लेइंग गेम काढला. तिथे खेळाचा सूत्रधार एक माणूस असतो आणि खेळाडू त्याला वाटेल ते विचारू शकतात. नऊ नाझगुलांपैकी टॉल्किनने एकाचंच नाव दिलं होतं, खामुल. तेही मृत्यूनंतर छापलेल्या लेखनात. मग या कंपनीने बाकीच्यांना नावं दिली, देश दिले, महत्त्वाकांक्षा दिल्या. नवातली एक, अदूनाफेल, ही न्यूमेनॉरची स्त्री ठरली. यात काही भाग नोंदवहीसारखा कोरडा आहे, पण हे नऊ जण कधीकाळी माणसं होती आणि नऊ वेगवेगळ्या मोहांनी बुडाली, ही टॉल्किनची कल्पना त्या कोरड्या नोंदींनी खेळाडूंच्या मनात जागती ठेवली.

आता जिथे हे फसतं तिथे जाऊ. २०१७ मध्ये मोनोलिथ प्रॉडक्शन्सचा ‘मिडल-अर्थ: शॅडो ऑफ वॉर’ हा गेम आला. त्यात रोहानचा राजा हेल्म हॅमरहँड नाझगुल झालेला आहे आणि सॉरॉनच्या हातून अंगठी कापून घेणारा इसिल्दुरही. टॉल्किनच्या कालगणनेत नाझगुल प्रकट होतात ते दुसऱ्या युगाच्या २२५१ च्या सुमारास. हेल्म त्यानंतर जवळजवळ चार हजार वर्षांनी होतो. अंगठी एकाच्या बोटातून दुसऱ्याच्या बोटात जाते असं मानून गेम हा पेच सोडवतो. सालांवरून भांडायचं मला कारण नाही. रूपांतराला तेवढी मोकळीक असावी. माझा आक्षेप वेगळा आहे. एआर्नुरच्या बाबतीत मूळ कथा गप्प होती. हेल्मच्या बाबतीत ती बोललेली आहे. वेढलेल्या किल्ल्यातून भर हिमात एकटा बाहेर पडणारा आणि अखेर खंदकावर उभ्याउभ्या गोठलेला सापडणारा हा राजा आहे. मेल्यावरही त्याचे गुडघे वाकले नाहीत. हे पूर्ण झालेलं मरण आहे. इसिल्दुरही अँडुइन नदीत बाण लागून मेला, आणि त्याच्या मरणावर पुढची सगळी कथा उभी आहे. तिथे नवं पूर्वायुष्य लिहायचं तर आधी जुनं मरण पुसावं लागतं. प्रसिद्ध नाव हाती येतं, पण त्या नावाला वजन देणारी गोष्ट जाते.

कधी एका खलपात्राला दिलेलं आयुष्य दुसऱ्याकडून काढून घेतलेलं असतं. ‘द हॉबिट’च्या २०१२ ते २०१४ मधल्या तीन चित्रपटांत अझॉग हा ऑर्क सरदार ड्वार्फ थॉरिनने तोडलेल्या हाताचा सूड घेत फिरतो. मूळ परिशिष्टात अझॉग २७९९ सालीच ड्वार्फ डाइनच्या कुऱ्हाडीने मेलेला आहे. ‘द हॉबिट’ची मोहीम २९४१ सालची. पुस्तकात पाच सैन्यांच्या लढाईत ऑर्कांचा म्होरक्या असतो तो अझॉगचा मुलगा बोल्ग, बाप मारला गेलेला. चित्रपटात बाप जिवंत राहिला आणि मुलाच्या हातून त्याचं कारणच निसटलं. बोल्ग पडद्यावर आहे, पण तो कुणासाठी लढतो ते आता त्याच्यापाशी नाही.

इथे एक गंभीर आक्षेप आहे आणि तो खुद्द टॉल्किनचा आहे. १९६३ च्या एका पत्रात त्यांनी असं मत मांडलं होतं की ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची मोहिनी काही अंशी दुरून दिसणाऱ्या अफाट इतिहासामुळे आहे, तिथे प्रत्यक्ष जाऊन पोहोचलं तर ती मोहिनी भंगेल, मात्र तिथून पलीकडे आणखी दूरची दृश्यं दिसू लागली तर गोष्ट वेगळी. गॉथमॉगचं एक वाक्य हे असंच दुरून दिसणारं शिखर आहे. तिथे वाट काढू नये, असं म्हणणाऱ्या वाचकाला मी हसणार नाही. त्याचं प्रेम खरं आहे.

पण त्या पत्रातच परवानगीही आहे. पलीकडे काही दिसायला हवं, ही तिची अट. गॉथमॉग हा एआर्नुर आहे असं कळलं की आपण थांबत नाही. मिनास मॉर्गुलच्या त्या वेशीआड काय घडलं असेल? त्याच्याबरोबर गेलेल्या स्वारांचं काय झालं? त्याला पेलेनोरवरून मिनास टिरिथचा शुभ्र मनोरा दिसला तेव्हा त्याने तो ओळखला का? एका प्रश्नाचं उत्तर मिळालं आणि मागे नवे प्रश्न उभे राहिले. १९५१ च्या सुमारास मिल्टन वॉल्डमन या संपादकाला लिहिलेल्या दीर्घ पत्रात टॉल्किन म्हणतात की आपल्या तरुणपणी त्यांना असं कथाचक्र रचायचं होतं, ज्यात चित्र, संगीत, नाटक घेऊन येणाऱ्या इतरांच्या हातांनाही जागा असेल. गेम हा शब्द त्या पत्रात असण्याचं कारण नव्हतं, पण जागा ठेवलेली होती.

शिवाय शत्रूच्या आयुष्याविषयीचं हे कुतूहल गेमवाल्यांनी बाहेरून आणलेलं नाही. कादंबरीत इथिलियनच्या जंगलात सॅम हा हॉबिट प्रथमच माणसांची माणसांशी लढाई पाहतो. दक्षिणेकडचा एक सैनिक त्याच्या पुढ्यात मरून पडतो आणि सॅमच्या मनात येतं, याचं नाव काय असेल, हा कुठून आला असेल, खरंच मनाने दुष्ट असेल, की कुठल्या खोट्याने किंवा धमकीने याला घरापासून इतक्या दूर आणलं असेल. ‘द टू टॉवर्स’ चित्रपटाच्या विस्तारित आवृत्तीत हा विचार फॅरामिरच्या तोंडी दिला आहे. टॉल्किन १९१६ साली सोमच्या रणभूमीवर होते, हे लक्षात ठेवून हा प्रसंग वाचावा. सॅमला त्या सैनिकाचं पूर्वायुष्य मिळत नाही. ते असणार, एवढंच त्याला कळतं आणि तेवढ्याने तो हलतो. दुय्यम शत्रूला भूतकाळ देणाऱ्या प्रत्येक लेखकाची सुरुवात सॅमच्या या प्रश्नापासून व्हायला हवी.

पुढे शाग्रात आणि गॉर्बाग हे दोन ऑर्क नायक बोलत असताना सॅम लपून ऐकतो. वरिष्ठांविषयी तक्रारी, जुन्या दिवसांच्या आठवणी, आणि युद्ध संपलं की विश्वासातली चार पोरं घेऊन, जिथे कुणी मोठा साहेब नसेल अशा जागी जाऊन राहायचं स्वप्न. स्वप्न लुटारूंचंच आहे. थोड्याच वेळात त्यांच्या दोन टोळ्या लुटीवरून एकमेकींचे गळे कापतात. पण ज्यांच्यापाशी उद्याचं स्वप्न आणि कालची आठवण आहे ते जीव लाकडाचे नाहीत. ऑर्क कुठून आले, त्यांना सुटका आहे का, हा प्रश्न टॉल्किनला अखेरपर्यंत छळत होता. त्यांनी उत्तर पुन्हा पुन्हा बदललं आणि कशावरही ते स्थिरावले नाहीत.

या प्रश्नाला भिडलेला गेम म्हणजे मोनोलिथचाच, २०१४ चा ‘मिडल-अर्थ: शॅडो ऑफ मॉर्डॉर’. त्यात ‘नेमेसिस सिस्टिम’ आहे. एखाद्या साध्या ऑर्कने तुम्हाला मारलं तर त्याला बढती मिळते, नाव मिळतं. पुढच्या भेटीत तो मागची भेट काढून टोमणे मारतो. तुम्ही त्याला जाळून मेला समजून सोडलंत, तर तो भाजलेल्या चेहऱ्याने परत येतो. इथे दुय्यम खलपात्राचं पूर्वायुष्य कुणी बसून लिहिलेलं नाही. ते तुमच्या आणि त्याच्या भेटींतून घडलेलं आहे. त्याच्या चेहऱ्यावरची जखम तुम्ही केलेली आहे. कादंबरीला हे करता येत नाही, चित्रपटालाही नाही. या पद्धतीचं पेटंट २०२१ मध्ये वॉर्नर ब्रदर्सला मिळालं आणि २०२५ मध्ये त्या कंपनीने मोनोलिथ हा स्टुडिओच बंद केला. कथनाची एक नवी रीत अशी अर्ध्यात थांबावी, याचं मला फार वाईट वाटतं.

पण याच गेममध्ये ऋण थकलेलंही दिसतं. नायक टॅलिऑन ऑर्काच्या डोक्यावर हात दाबून त्याची इच्छाशक्ती मोडतो आणि त्याला आपला गुलाम करतो. ज्याला नाव दिलं, आठवण दिली, विनोदबुद्धी दिली, त्याचीच इच्छा हिरावणं हा खेळातला डाव होऊन बसतो. दुसऱ्याची इच्छा मोडणं हे टॉल्किनच्या जगात अंगठीचं काम आहे, म्हणजे सॉरॉनचं. ‘शॅडो ऑफ वॉर’च्या शेवटी टॅलिऑन स्वतःच नाझगुल होतो, तेव्हा लेखकांना या पापाची जाणीव होती हे कळतं. पण तोवर खेळाडूने कितीतरी तास हाच डाव मजेने खेळलेला असतो. पूर्वायुष्य दिलं, पण त्या दानाने खेळण्याची रीत बदलली नाही.

मराठी वाचकाला यातलं काही परकं वाटू नये. १९६७ मध्ये शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ आलं आणि कौरवांच्या बाजूने लढलेल्या योद्ध्याचं अंतरंग घराघरांत पोहोचलं. त्याच्या साठ वर्षं आधी, १९०७ मध्ये, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी महाभारतातल्या विराटपर्वाचा एक खलपुरुष ‘कीचकवध’मध्ये असा उभा केला की प्रेक्षकांना त्याच्यात लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. दुय्यम खलपात्रात आपल्या काळाचं तोंड दाखवण्याची ताकद असते, हे आपल्या रंगभूमीने शतकापूर्वी सिद्ध केलं आहे.

आता आपल्याकडेही गेम बनत आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा पुराणकथांवर उभा असलेला गेम जगभर प्रकाशित केला. आपल्या पुराणांत गॉथमॉगसारखे एका वाक्याचे सेनापती शेकड्यांनी आहेत, अध्यायाच्या सुरुवातीला नाव येतं आणि शेवटी बाण लागतो. त्यांच्यावर पुढची पिढी गेम लिहील. या सभागृहातही असे कुणी तरुण लेखक बसले असतील. त्यांच्यासाठी शेवटचं सांगतो.

ज्या ठिकाणी मूळ कथा गप्प आहे तिथे जा. जिथे ती बोलून झाली आहे तिथे तिचं ऐका. तुमच्या राक्षसाला दुःख द्या, पण त्याचा निर्णय त्याच्याच हातात ठेवा, कारण ज्याच्याकडून निर्णय काढून घेतला तो खलपुरुष राहत नाही आणि माणूसही होत नाही. आणि त्याची कथा कळल्यानंतर खेळणाऱ्याला काहीतरी वेगळं करावं लागू द्या: थांबावं लागू द्या, निवडावं लागू द्या, जिंकल्यावर हळहळावं लागू द्या. गेम हे असं माध्यम आहे की ज्यात शस्त्र वाचकाच्याच हातात असतं. म्हणून शत्रू कोण आहे हे सांगण्याची जबाबदारी इथे इतर कुठल्याही माध्यमापेक्षा मोठी आहे. ती ओळखून तुम्ही लिहाल, तर तुमच्या कामाला या ग्रंथालयात मानाची जागा असली पाहिजे, आणि ती मागायला मी तुमच्याबरोबर येईन.